तिसऱ्या गाण्यातल्या थाळ्या

आमच्या घरात ‘बँड’ म्हटलं की एकच. इतरांच्या बँडना नावं असतात, आमच्याला लागत नाही. मी बारा वर्षांची असताना दादाने मला या बँडच्या नादी लावलं आणि आता पन्नाशी दोन वर्षांवर आली तरी तो नाद सुटलेला नाही. हेवी मेटल. लांब केसांची माणसं, तीन गिटारी, आणि ड्रम असे की खिडकीची काच थरथरावी. आई म्हणायची, भांड्यांचं कपाट जिन्यावरून ढकललं तर असाच आवाज येईल. दादा म्हणायचा, आई, तू ढकल, मी ऐकतो. ताल चुकला तर सांगतो.

ऐकायचं कसं, हेही त्यानेच शिकवलं. एका वेळी एकच वाद्य धरायचं आणि गाणं संपेपर्यंत सोडायचं नाही. गिटार कुणीही धरेल. कठीण असतात थाळ्या. ड्रमच्या वर पितळेच्या गोल चकत्या टांगलेल्या असतात, काठी लागली की झणझणतात. त्यांना सिंबल म्हणतात, आम्ही थाळ्या म्हणायचो. त्या गदारोळातून थाळ्या वेगळ्या काढता येईनात, तेव्हा दादाने माझा हात हातात घेतला आणि थाळी वाजेल तिथे माझ्या पंजाच्या पाठीवर बोटाने टिचकी मारत राहिला. मग उलटं. मी त्याच्या हातावर टिचक्या मारायच्या आणि त्याने तपासायचं. तो डोळे मिटून बसायचा आणि डोळे न उघडताच म्हणायचा, “चुकलीस. दोन होत्या.” मी वर्षभर चुकत होते. त्यानंतर फारशी चुकले नाही.

पुढे मी कान तपासायचं शिक्षण घेतलं. आज एका रुग्णालयात तेच काम करते. काचेच्या बंद खोलीत माणसाला बसवायचं, हेडफोन लावायचे, बारीकबारीक आवाज सोडायचे, ऐकू आला की त्याने बटण दाबायचं. दादा पत्र्याच्या कारखान्यात प्रेसवर लागला. वरून साचा खाली आदळतो आणि पत्र्याचा डबा होतो, मिनिटाला चाळीस वेळा. एकतीस वर्षं त्याने हे काम केलं. दिवसभर कारखान्यातला धातू, संध्याकाळी बँडचा. वहिनी म्हणते, या माणसाला ताटात खिळे वाढले तरी दुसऱ्यांदा मागून घेईल.

कानात घालायची रबरी बोंडं मी त्याला तीनदा नेऊन दिली होती. तिन्ही वेळा ती खिडकीच्या फटीत सापडली. काच खडखडू नये म्हणून त्याने ती तिथे कोंबली होती. मी भांडले, त्याने हसून सोडून दिलं आणि मग मीही सोडून दिलं. परक्या माणसाला मी सोडलं नसतं.

आता आमच्या रिवाजाबद्दल सांगते. बँडचा नवा अल्बम आला की त्या दिवशी दुपारी चार वाजता दादाच्या बाहेरच्या खोलीत चौघं जमायचं. दादा, मी, मास्तर आणि खिळा. मास्तर शाळेत भूमिती शिकवतात आणि बोलतानाही हवेत रेघा मारतात. खिळा पोस्टमन आहे. उंच, किडकिडीत, डोकं मात्र मोठं, म्हणून खिळा. डिस्क पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत सलग ऐकायची. मध्ये उठायचं नाही, गाणं मागे न्यायचं नाही, आणि मुख्य म्हणजे तोंड उघडायचं नाही. एकदा खिळ्याला शिंक आली तर ती त्याने कशी गिळली ते देव जाणे, डोळे पांढरे झाले होते. संपलं की प्रत्येकाने एका चिठ्ठीवर आपलं मत लिहायचं. मग एकेकाने वाचून दाखवायचं, पहिला दादा. चारही चिठ्ठ्या घडी करून त्याच डिस्कच्या डबीत ठेवायच्या. अशा अकरा डब्या त्याच्या फळीवर जमल्या होत्या.

दादाची चिठ्ठी मग जगभर जाते. बँडच्या चाहत्यांसाठी त्याने इंटरनेटवर एक पान चालवलंय, ‘दादाचं पान’ या नावाने. हजारोंनी लोक ते वाचतात. दादाने चांगलं म्हटलं तर चांगलं, फालतू म्हटलं तर फालतू. बावीस वर्षांत त्याचा शब्द खाली पडलेला नाही, कारण तो कुणाची भीड ठेवत नाही आणि प्रत्येक ठोका ऐकून लिहितो. प्रेसवरच्या माणसाला साहेब नावानेही ओळखत नसतील, पण या पानावर त्याला मान होता. तो मान त्याने कमावलेला होता. मला त्याचा फार अभिमान वाटायचा आणि आजही वाटतो.

बारावा अल्बम तब्बल नऊ वर्षांनी आला. जुना ड्रमर खांद्याच्या दुखण्याने निवृत्त झालेला, त्याच्या जागी तेवीस वर्षांचा एक पोरगेला ड्रमर घेतलेला. त्यामुळे चाहत्यांचा जीव टांगणीला लागला होता. दादाने महिनाभर आधीच लिहून ठेवलं होतं, “पोराला संधी द्या. मी थाळ्या ऐकून सांगेन.”

चार वाजता डिस्क लागली. पहिली दोन गाणी नेहमीसारखी, घट्ट आणि जोरकस. तिसऱ्या गाण्यात मध्येच सगळ्या गिटारी एकदम थांबल्या. गायक थांबला, मोठा ड्रम थांबला, आणि फक्त थाळ्या राहिल्या. जोरात नव्हे. काठीचं टोक नुसतं टेकवावं इतक्या हळू. एक, मग तीन, मग एक लांबलेली, तिच्यात दुसरी मिसळलेली. जवळजवळ मिनिटभर. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. या बँडने छत्तीस वर्षांत इतकं हळू काही वाजवलं नव्हतं. मी दादाकडे पाहिलं, त्याचा चेहरा बघायला.

तो डिस्क अडकलीय का ते बघत होता. मान पुढे काढून, कपाळाला आठ्या घालून, प्लेअरवरचे आकडे सरकताहेत ना याची खात्री करत होता. आकडे सरकत होते. तो मागे टेकला आणि त्याने नाक मुरडलं.

मला त्याच क्षणी कळलं. खरं तर दोनेक वर्षांपासून कळत होतं. हल्ली तो प्रत्येक वाक्याला “काय?” म्हणायचा. वहिनी म्हणायची, हे मला मुद्दाम उत्तर देत नाहीत. मी दुसरीकडे बघायचे. रोज दहा जणांना समोर बसवून “तुमचं ऐकणं कमी झालंय” असं मी सांगते. एका माणसाला सांगायची माझी हिंमत नव्हती.

अल्बम संपला. चिठ्ठ्या लिहिल्या. दादाने वाचली.

“गिटारी उत्तम. गायक थकला. ड्रमर भित्रा आहे, थाळ्यांना हात लावत नाही. तिसऱ्या गाण्यात एक मिनिट काहीच नाही. नुसती शांतता. हे संगीत नाही, नाटक आहे.”

दादाने मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी आपली चिठ्ठी डोळ्यांसमोर धरली, खाकरले आणि म्हणाले, “मलाही… साधारण तसंच.” खिळ्याने “थाळ्या कमीच आहेत” म्हणून री ओढली. मग माझी पाळी. माझ्या चिठ्ठीवर लिहिलं होतं: ‘तिसऱ्या गाण्यातल्या थाळ्यांसाठी हा पोरगा मला शंभर वर्षं चालेल.’

“दादा म्हणतो तेच,” मी म्हणाले.

घडी करून चिठ्ठी मी डबीत टाकली नाही, पर्समध्ये टाकली. कुणाच्या लक्षात आलं नाही.

त्या रात्रीपासून दादाच्या पानावर जे झालं ते वाचून हसावं की रडावं कळेना. पहिल्याच दिवशी चारशे लोकांनी लिहिलं, अगदी बरोबर, ती शांतता सहन होत नाही. एकाने लिहिलं, त्या मिनिटाला मला बँडचं म्हातारपण दिसलं. दुसऱ्याला ती शांतता ‘फार बोलकी’ वाटली आणि त्याने तिच्यावर चार परिच्छेद लिहिले. मध्येच कुणीतरी भीतभीत विचारलं, “पण तिथे थाळ्या वाजतायत ना?” त्याच्यावर सगळे तुटून पडले. दादापेक्षा तुला जास्त कळतं का? आधी चांगले स्पीकर घे. त्याने संध्याकाळी लिहिलं, पुन्हा ऐकलं, माझीच चूक झाली, क्षमस्व.

या सगळ्यांना कान होते, धडधाकट कान. आणि ज्याला ऐकू येत नव्हतं त्याच्या सांगण्यावरून ते सगळे बहिरे झाले होते. पण मी कुणाला नावं ठेवणार? मीही त्यांतलीच.

आठवड्याने मास्तर माझ्या रुग्णालयात आले. आधी फोन नाही, काही नाही. रांगेत नंबर घेऊन बसलेले. आत आल्यावर त्यांनी दार नीट लागलंय ना ते पाहिलं.

“कुणाला बोलू नकोस,” ते म्हणाले. “माझ्या कानात वाजतं.”

“काय वाजतं? शिट्टी? भुंगा?”

“झणझण. बारीक. धातूवर धातू टेकवल्यासारखी.”

“कधी वाजतं? रात्री झोपताना?”

मास्तरांनी हवेत एक आडवी रेघ मारली. “फक्त तिसऱ्या गाण्यात. त्या शांततेत. मी पाच वेळा लावून पाहिलं. दर वेळी वाजतं, आणि दर वेळी त्याच जागी. बायको म्हणते, तिलाही ऐकू येतं, पण ती आपली माझी समजूत काढत असणार.”

मी हसले नाही. मी त्यांना काचेच्या खोलीत बसवलं आणि रीतसर तपासलं. छप्पन्न वर्षांच्या माणसाचे इतके चांगले कान मी बऱ्याच दिवसांत पाहिले नव्हते.

“मास्तर, तुमचे कान उत्तम आहेत. तुम्हाला जे ऐकू येतं ते डिस्कवर आहे.”

“पण दादा म्हणाला…” असं म्हणून ते थांबले. मग त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि उगाच पुसला. “तू सांगणार त्याला?” त्यांनी विचारलं. मी पुढचा नंबर पुकारला.

सांगावं लागलं ते त्या पोरगेल्या ड्रमरमुळे. पंधराव्या दिवशी त्याने स्वतः चाहत्यांसाठी चार ओळी लिहिल्या. “तिसऱ्या गाण्यातलं ते एक मिनिट मी अकरा दिवस बसवत होतो. ज्यांना ते ऐकू आलं नाही त्यांची माफी मागतो. हळू वाजवायला मी घाबरत होतोच. पुढच्या वेळी नुसतं जोरात वाजवीन.” दादाने ते आपल्या पानावर चिकटवलं आणि खाली लिहिलं, “चूक मान्य केली. शिकेल.”

ते वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आयुष्यभर मला थाळ्या शोधायला लावणारा माणूस एका पोराला थाळ्या वाजवण्यापासून थांबवत होता. आणि मी गप्प बसून त्याला हातभार लावत होते.

रविवारी दुपारी मी दादाकडे गेले. वहिनी बाहेर गेली होती. मी फळीवरच्या डब्या उगाच सारख्या करत राहिले. शेवटी म्हणाले, “दादा, जुना अल्बम लाव. आपला दुसरा. थाळ्या कशा असतात ते ऐकायचंय.”

तो खूश झाला. “ऐक, बारके. त्या पोराला हे ऐकवायला पाहिजे,” म्हणत त्याने डिस्क काढून ठेवली आणि चहा टाकायला आत गेला.

त्याचे स्पीकर घरी बनवलेले आहेत. लाकडी खोकं, खाली मोठा स्पीकर, वर लहान. थाळ्या वाजतात त्या वरच्या लहान स्पीकरमधून. मी खोक्यांच्या मागे वाकले आणि दोन्ही लहान स्पीकरांच्या वायरी उपसून काढल्या. माझी अशी समजूत होती की पहिल्या दहा सेकंदांत तो ओरडेल. खरं सांगायचं तर मी तशी आशा धरून होते. त्याने ओरडावं, मला मूर्खात काढावं आणि माझं सगळं खोटं ठरावं.

तो चहा घेऊन आला, बटण दाबलं, बसला, डोळे मिटले. आवाज गोधडीखालून आल्यासारखा येत होता. गिटारी नुसत्या घुमत होत्या. थाळ्या नव्हत्याच, एकही नव्हती.

“हं, आता ऐक,” दादा म्हणाला. जुन्या डिस्कला बोलायची बंदी नव्हती. “आली बघ. आणि ही… आता लागोपाठ दोन. काय स्वच्छ वाजवतो हा माणूस! काच फुटावी तसं.”

गुडघ्यावर त्याचं बोट टिचक्या मारत होतं. एकही टिचकी चुकत नव्हती. छत्तीस वर्षांपूर्वी ऐकलेल्या थाळ्या तो आत्ता ऐकत होता, जशाच्या तशा. जुनी गाणी त्याला आठवणीतून ऐकू येत होती, म्हणून काही बिघडलंय हे त्याला कळायला मार्गच नव्हता. आणि नवं गाणं आठवणार कुठून? मला रडू फुटलं. मी तोंडावर हात धरला, पण दुसऱ्या हातात वायरी होत्या.

गाणं संपल्यावर त्याने डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं, मग वायरींकडे. उठून खोक्यामागे गेला, वाकून बघितलं. परत येऊन बसला. चहाचा एक घोट घेतला.

“पूर्ण गाणं असंच होतं?”

“हो.”

“सुरुवातीपासून?”

“हो, दादा.”

तो उठला आणि फळीवरून नव्या अल्बमची डबी घेतली. उघडली. तीन चिठ्ठ्या निघाल्या. स्वतःची त्याने बाजूला ठेवली. मास्तरांची उघडली आणि मोठ्याने वाचली: “तिसरं गाणं. थाळ्यांचा वर्तुळाकार प्रवास. अप्रतिम.” खिळ्याची उघडली: “तिसऱ्यात रडलो. थाळ्या.” त्या दोघांनी वाचून दाखवलं होतं वेगळं आणि डबीत टाकलं होतं ते हे.

“तुझी कुठाय?”

मी पर्समधून काढून दिली. त्याने ती वाचली आणि घडी करून बाकीच्यांसोबत ठेवली.

“कान गेले याचं मी बघून घेईन,” तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. “प्रेसवरच्या सगळ्यांचेच जातात. पण तू रोज परक्या लोकांना खरं सांगतेस. मला तेवढंही नाही?”

“दादा, मला वाटलं…”

“तिघांनी मिळून माझी समजूत काढलीत. म्हाताऱ्याची काढतात तशी. मागच्या अल्बमलाही हेच केलंत का?”

“नाही. आईशप्पथ नाही. हे पहिल्यांदाच.”

“जा तू आता,” तो म्हणाला.

नऊ दिवस आमच्यात शब्द नव्हता. मी फोन केला की वहिनी घ्यायची आणि म्हणायची, वन्सं, ते पेपर वाचतायत; आणि मला तर कागदाची सळसळही ऐकू यायची नाही. दहाव्या दिवशी सकाळी मी रांगेतला पुढचा नंबर पुकारला आणि दादा उठून आत आला. हातात नंबराची चिठ्ठी, अंगात इस्त्रीचा शर्ट.

“चला बाई, काय ते तपासा,” तो म्हणाला. मला त्याने जन्मात कधी अहो-जाहो केलं नव्हतं.

काचेपलीकडे तो हेडफोन लावून बसला, बटण मुठीत धरून. मी आवाज सोडायला लागले. पहिले काही बरोबर आले. बारीक आवाजांना गेल्यावरही तो बटण दाबत राहिला, अगदी वेळेवर. मला क्षणभर वाटलं, मीच चुकले की काय. मग लक्षात आलं. मी सवयीने एका ठरावीक लयीत आवाज सोडत होते आणि त्याने ती लय पकडली होती. आवाज येत नसतानाही कधी यायला हवा हे त्याला कळत होतं. फसवायचं त्याच्या मनातही नसेल, त्याला ताल सोडवत नव्हता एवढंच. मी लय मोडली. कधी पटकन, कधी थांबून, कधी खूप थांबून. बटण दाबणं थांबलं. तो काचेतून माझ्याकडे बघत बसला आणि मी एकेक आवाज मोठा करत गेले.

आलेख मी त्याच्यासमोर ठेवला. अर्ध्यापर्यंत सरळ आणि मग कड्यावरून खाली. “थाळ्या इथे असतात,” मी बोटाने दाखवलं. त्याने त्या जागेवर स्वतःचं बोट टेकवलं. मग म्हणाला, “कानाचं मशीन कुठलं घेऊ ते सांग. आणि बारके, यापुढे चिठ्ठी पर्समध्ये टाकलीस तर कान उपटीन.”

त्याच दिवशी त्याने आपल्या पानावर लिहिलं. मला आधी दाखवलं नाही. “तिसऱ्या गाण्यात एक मिनिट शांतता आहे असं मी लिहिलं होतं. ते चूक आहे. तिथे थाळ्या आहेत. मला त्या ऐकू आल्या नाहीत, कारण माझे कान गेले आहेत आणि मला ते माहीत नव्हतं. ज्याने त्या वाजवल्या त्याची मी जाहीर माफी मागतो. हळू वाजवणं सोडू नकोस. बाकी मत मशीन लावून ऐकल्यावर देईन. चौथं गाणं मात्र भिकार आहे, त्यासाठी कान लागत नाहीत.”

चाहत्यांनी काय करावं? निम्म्यांनी लिहिलं की आम्हाला थाळ्या पहिल्या दिवसापासून ऐकू येत होत्या. निम्मे ऐकायलाच तयार नव्हते. एकाने लिहिलं, “दादा, असं खचून जाऊ नका. तिथे काही नाही म्हणजे नाही. तुमचे कान गेले तरी तुमचंच खरं.” दादाने मला ते फोनवर वाचून दाखवलं आणि आम्ही दोघं पोट दुखेपर्यंत हसलो. मग त्याने ते वाक्य पुन्हा एकदा वाचलं. “हे मी केलंय गं,” तो म्हणाला. “इतकी वर्षं मी यांना ऐकायला शिकवत होतो असं मला वाटायचं.”

मशीन आलं. पहिले पंधरा दिवस त्याचे हाल झाले. पेपरचं पान उलटलं तर दचकायचा, नळ सोडला तर ओरडायचा, स्वतःच्या चावण्याचा आवाज ऐकून जेवण अर्धं टाकायचा. वहिनी मात्र खूश. “काल मला म्हणाले, एवढी ओरडतेस कशाला,” ती सांगत होती, “लग्न झाल्यापासून पहिल्यांदा!” गाण्यांसाठी मी त्याला वेगळी सेटिंग करून दिली. नेहमीच्या सेटिंगमध्ये मशीनला थाळ्या म्हणजे गोंगाट वाटतो आणि ते त्या दाबून टाकतं. त्यावर दादा म्हणाला, आपली आईच बसलीय म्हण की आत.

तरीही मला भीती होती. मशीन आवाज मोठा करतं, पण गेलेला कान परत आणत नाही. जे राहिलंय त्यावर भागवायचं असतं. हे मी त्याला स्पष्ट सांगितलं होतं. तो म्हणाला, “बघू.” तेवढंच.

महिन्याने, दुपारी चार वाजता, आम्ही चौघं पुन्हा बसलो. तोच अल्बम पहिल्यासारखा ऐकायचा असं दादाने ठरवलं होतं. जुने नियम तेच, फक्त एक बदलला. “मी शेवटी वाचणार,” तो म्हणाला. “आणि आधी वाचलेलं एक आणि डबीत टाकलेलं दुसरं, असं पुन्हा कुणी केलं तर त्याने दुसरा बँड शोधावा.” खिळ्याने मान खाली घातली. मास्तरांनी हवेत फुली मारली, नाही म्हणून.

पहिलं गाणं, दुसरं गाणं. दादाच्या चेहऱ्यावरून काही कळेना. तिसरं सुरू झालं आणि मी त्याच्या खुर्चीजवळ सरकले. नियमात ते बसत नव्हतं, पण बोलायची बंदी होती, हलायची नव्हती. गिटारी थांबायच्या आधी मी त्याचा हात हातात घेतला. राठ हात, बोटांवर पत्र्याचे जुने वण. त्याने डोळे मिटले.

गिटारी थांबल्या. मी त्याच्या पंजाच्या पाठीवर टिचक्या मारायला लागले. एक. मग तीन. त्याला ऐकू येतंय की माझं बोट तेवढं कळतंय, हे ओळखायला मला काही मार्ग नव्हता. लांबलेली थाळी आली, मी एक टिचकी मारली. माझे डोळे भरले होते, समोरचं धूसर दिसत होतं, आणि मी पुढच्या ठोक्याची वाट बघत होते.

“चुकलीस,” दादा म्हणाला. “दोन होत्या.”

चौघांच्या बैठकीत डिस्क चालू असताना कुणी बोललं असं छत्तीस वर्षांत पहिल्यांदाच झालं. त्याने डोळे उघडले नव्हते. हे गाणं त्याच्या आठवणीत नव्हतं. मी मास्तरांकडे पाहिलं. ते टक्क जागे होते, आणि नियम मोडू नये म्हणून तोंड घट्ट मिटून त्यांनी दोन बोटं वर धरली होती.